राजाचं चित्र की राजेपदाचं?

गेल्या अंकात या सदरात सतराव्या शतकातल्या युरोपच्या दरबारी पोर्ट्रेटवर, म्हणजे बरोक काळातल्या राजचित्रांवर लिहिलं होतं. सोबत तीन चित्रं छापली होती. व्हॅन डाइकने केलेला इंग्लंडचा पहिला चार्ल्स, वेलाझ्केझने केलेला स्पेनचा चौथा फिलिप आणि रिगोने केलेला फ्रान्सचा चौदावा लुई. पत्रं भरपूर आली. माझं पोटापाण्याचं काम पोर्ट्रेटचंच असल्यामुळे हे प्रश्न मला फार जवळचे वाटले, आणि काहींची उत्तरं लांबली आहेत.

ताई, राजाने पैसे दिले, चित्रकाराने त्याला देखणं करून दाखवलं. याला खुशामत म्हणायचं नाही तर काय? यात कला कुठे आली? – निवृत्त इतिहास शिक्षक, नाशिक

सर, खुशामत होतीच, आणि तिची साक्षीदारही आहे. चार्ल्सच्या बहिणीची मुलगी सोफिया, पुढे जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या शासकाची पत्नी झालेली. तिने पन्नाशीत आठवणी लिहिल्या. त्यात ती सांगते की व्हॅन डाइकची चित्रं पाहून इंग्लंडच्या सगळ्या बायका रूपवती असणार अशी तिची लहानपणी खात्री झाली होती. मग हॉलंडमध्ये मामी, म्हणजे राणी हेन्रिएटा मरिया, प्रत्यक्ष दिसली. बांधा ठेंगणा, हात लांब आणि काटकुळे, खांदे वरखाली, दात ओठांबाहेर आलेले. पोरगी थक्क झाली. इथवरचा किस्सा सगळे सांगतात. तिची पुढची ओळ मात्र मला जास्त मोलाची वाटते. नीट निरखून पाहिल्यावर मामीचे डोळे अतिशय सुंदर, नाक रेखीव आणि कांती नितळ आहे, असंही तिने लिहून ठेवलंय. व्हॅन डाइकच्या चित्रांत राणीचे ओठ मिटलेले असतात आणि सगळा उजेड डोळ्यांवर, गालांवर असतो. त्याने खांदे सरळ केले, उंची वाढवली, हे खरं. पण जे सौंदर्य दाखवलं ते तिच्यापाशी होतं.

आता चार्ल्सकडे या. हा राजा उंचीने लहान, बालपणी अशक्त, उशिरा चालायला लागलेला आणि बोलताना अडखळणारा. १६२९ मध्ये त्याने पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढची अकरा वर्षं एकट्याने राज्य चालवलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं त्याचं शिकारीचं चित्र साधारण १६३५ चं, म्हणजे बरोबर त्या काळातलं. त्यात मुकुट नाही, राजदंड नाही. राजा घोड्यावरून उतरून उभा आहे. चंदेरी सॅटिनचा अंगरखा, लाल विजार, बूट, रुंद काठाची काळी हॅट, एका हातात काठी, दुसऱ्या हाताचं कोपर थेट आपल्याकडे रोखलेलं. आता उंचीचा प्रश्न व्हॅन डाइकने कसा सोडवलाय बघा. क्षितिज खाली नेलं, म्हणजे आपण राजाकडे किंचित खालून बघतो. घोडा शेजारी ताठ उभा केला असता तर राजा बुटका दिसला असता, म्हणून घोड्याने मान खाली घातलीय. शेजारचा नोकर घोड्यामागे अर्धवट झाकलाय. वरून झाडाची फांदी छत्रासारखी पुढे आलीय. हॅटमुळे चेहऱ्याभोवती काळी चौकट तयार होते आणि मागे उजळ आकाश. एकही गोष्ट आपल्याला उघडपणे ‘हा राजा’ म्हणून सांगत नाही; फक्त खाली कोपऱ्यातल्या दगडावर लॅटिनमध्ये नाव कोरलंय. कुणालाही उत्तर द्यायला बांधील नसलेला माणूस असाच उभा राहणार. त्या अकरा वर्षांचं राजकारण समजून घ्यायला हे कोपर मला कुठल्याही फर्मानापेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

आणि तरीही चेहरा बघा. पापण्या जड, नजर थकलेली. १६३५–३६ मध्ये याच चार्ल्सची तीन तोंडं एका कॅनव्हासवर रंगवून रोमला शिल्पकार बर्निनीकडे पाठवली गेली, समोरून, एका बाजूने आणि तिरपं, म्हणजे त्यावरून त्याला संगमरवरी पुतळा घडवता यावा. (तो पुतळा १६९८ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्याला लागलेल्या आगीत गेला, चित्र आजही इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे.) त्या तिन्ही चेहऱ्यांत डोळ्यांखालची सावली तशीच ठेवलीय. खुशामतच करायची होती तर ती पहिली पुसली असती. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिली तीच पुसायला सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या चित्रकारांना एकाच कॅनव्हासवर दोन कामं करायची होती. समोर बसलेला माणूस ओळखू आला पाहिजे, आणि तो ज्या पदावर बसलाय ते पदही दिसलं पाहिजे. त्या काळच्या इंग्रजी कायद्याची समजूतच अशी होती की राजाचा देह मरतो, राजेपद मरत नाही. मी एका संस्थेच्या सभागृहासाठी दिवंगत अध्यक्षांचं तैलचित्र केलं तेव्हा मुलांनी दोनच अटी घातल्या होत्या: चेहरा हुबेहूब हवा आणि खुर्ची मोठी हवी. दोन्ही अटी रास्त होत्या. व्हॅन डाइकची ऑर्डर याहून फार वेगळी नव्हती. कला आहे ती या दोन मागण्या एका शरीरात कशा बसवल्या, त्यात. हाच राजा १६४९ च्या जानेवारीत वधस्तंभाकडे चालत गेला. आधी त्याचा देह आणि काही आठवड्यांतच त्याचं पद पार्लमेंटने संपवलं.

लुईच्या चित्रात चेहरा म्हाताऱ्याचा आणि पाय तरुणाचे दिसतात, असं माझ्या आठवीतल्या मुलीचं म्हणणं आहे. चित्रकाराला जमलं नाही की मुद्दाम केलंय? – ठाणे

मुलीची नजर पक्की आहे, तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. मुद्दामच केलंय.

चित्र १७०१ चं, उंची २७७ सेंटिमीटर, रुंदी १९४. राजा तेव्हा त्रेसष्ट वर्षांत. नातू फिलिप नुकताच स्पेनच्या गादीवर बसला होता आणि त्याला भेट पाठवायला म्हणून हे चित्र सांगितलं होतं. तयार झाल्यावर आजोबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःकडेच ठेवून घेतलं आणि पुढे प्रती करवून घेतल्या.

आधी चेहरा. गाल ओघळलेले, तोंड आत गेलेलं. कारण वरचे बरेचसे दात नव्हतेच. १६८५ च्या सुमारास वैद्यांनी दात उपटताना जबड्याचा तुकडा आणि टाळूही फोडली. पाणी प्यायलं तर नाकातून यायचं. मग तापल्या लोखंडाने डागून ते भोक बुजवलं. राजवैद्यांनी हे सगळं नोंदवून ठेवलंय. रिगोने ते बसलेलं तोंड जसंच्या तसं रंगवलंय. युरोपातल्या सगळ्यात बलाढ्य राजाचं बोळकं तोंड, आणि राजाला चित्र आवडलं!

आता पाय. पांढरे रेशमी मोजे, पोटऱ्या घट्ट, पावलं नर्तकासारखी एकमेकांशी काटकोनात, बुटांच्या टाचा लाल. लाल टाचांचे बूट हा दरबारातल्या सरदारांचा मान. गाउटने, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या दुखण्याने, हैराण झालेल्या माणसाचे हे पाय नव्हेत. पण हा राजा तरुणपणी खरोखरच पट्टीचा नर्तक होता. १६५३ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, दरबारी बॅलेत तो उगवता सूर्य होऊन नाचला आणि ‘सूर्यराजा’ ही प्रतिमा तिथूनच रुजत गेली. रिगोने राज्याभिषेकाचा झगा, कमळासारखी लिली-फुलं भरलेली निळी मखमल आणि आतून पांढरी अर्मिन फर, एका बाजूने उचलून खांद्यावर टाकला आणि तेवढ्या फटीतून ते पाय दाखवले. कमरेला जुन्या काळच्या सम्राट शार्लमेनची म्हणून मानली जाणारी तलवार. राजदंड मात्र उलटा धरलाय, टोक खाली उशीवर टेकवून, घरातल्या घरात हातात काठी धरावी तसा. ज्याला त्या राजदंडाची सवय आहे तोच तो असा धरेल. नव्याने गादीवर आलेला माणूस दोन्ही हातांनी उंच धरून उभा राहिला असता.

आणि मुलीला हे नक्की सांगा: चेहरा आणि बाकीचं शरीर इथे अक्षरशः दोन वेगळ्या कॅनव्हासवर आहे. रिगोने राजासमोर बसून डोकं एका छोट्या कॅनव्हासवर केलं आणि मग तो तुकडा मोठ्या चित्रात बसवला. झगा, खांब, पडदा, मुकुट हे स्टुडिओत सावकाश झालं. दरबारी चित्रकारांची ही सोयीची रीत होती, राजाला तासन्‌तास उभं करता येत नाही. पण त्यामुळे म्हातारपण एका तुकड्यावर आलं आणि अर्धशतकाचं राज्य दुसऱ्यावर. तिला तो जोड जाणवला.

स्पेनच्या राजाच्या अंगावर ना मुकुट ना दागिने. नुसता काळा पोशाख. एवढं मोठं साम्राज्य, मग हे दारिद्र्य का? – बेळगाव

खजिन्यात खडखडाट होता हे खरं, पण चित्रातल्या काळ्या रंगाचं कारण निराळं. १६२३ मध्ये स्पेनमध्ये उधळपट्टीविरुद्ध कायदे झाले. खळ लावलेल्या झालरींच्या मोठाल्या गळपट्ट्यांवर बंदी आली. त्याऐवजी पुठ्ठ्यावर कापड ताणून केलेली साधी ताठ कॉलर आली, तिला गोलिया म्हणतात. राजाने स्वतः ती घातली. त्याच वर्षी चोवीस वर्षांचा वेलाझ्केझ सेव्हिलहून येऊन दरबारी चित्रकार झाला. म्हणजे त्याची पहिली राजचित्रं ही कायदा पाळणाऱ्या राजाची आहेत. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या त्या पूर्णाकृती चित्रात फिलिपच्या एका हातात कागद आहे, दुसरा हात तलवारीच्या मुठीवर, शेजारी टेबलावर हॅट. कागद म्हणजे कारभार, तलवार म्हणजे संरक्षण. बस्स, एवढंच.

यामागे एक ताठा आहे आणि मला तो फ्रेंच थाटापेक्षा भारी वाटतो. ज्याला सगळं जग ओळखतं त्याने ओळखपत्र कशाला लावायचं? त्याच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा पुढे आलेला जबडा आणि जाड खालचा ओठ हीच त्याची निशाणी, म्हणून वेलाझ्केझ ती झाकत नाही. चेहऱ्यावर भाव जवळजवळ शून्य. स्थिर, न हलणारा राजा हा त्या दरबाराचा आदर्श होता. याच चित्राचा एक्स-रे काढला तेव्हा खाली वेलाझ्केझचंच आधीचं रूप सापडलं. पाय जास्त फाकलेले होते. नंतर त्याने ते जवळ आणले, झग्याची कड बदलली, आकृती सडपातळ केली. राजाला सुंदर करायला दागिने चढवले नाहीत, उलट कमी कमी करत नेलं.

हा प्रामाणिकपणा राजालाही जड गेला. १६५३ मध्ये एका पत्रात फिलिपने लिहिलं की नऊ वर्षांत आपलं चित्र झालेलं नाही. एक तर वेलाझ्केझच्या संथ कामाला तोंड द्यायची इच्छा नाही, आणि दुसरं म्हणजे आपण म्हातारे होत चाललोय हे बघायचं नाही. चित्रकाराला राजाने दिलेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

राजे चित्रकारापुढे किती वेळ बसायचे? – पनवेल

प्रत्येकाची रीत वेगळी. व्हॅन डाइककडून स्वतःचं पोर्ट्रेट करून घेतलेला याबाख नावाचा एक सावकार होता, त्याने त्या स्टुडिओचं वर्णन सांगून ठेवलंय. एका माणसावर एका वेळी तासाभरापेक्षा जास्त काम नाही. घड्याळात तास झाला की व्हॅन डाइक उठून नमस्कार करायचा, पुढची वेळ द्यायचा, नोकर ब्रश धुऊन दुसरं पॅलेट आणायचा आणि पुढचं गिऱ्हाईक आत यायचं. अंगकाठी आणि कपडे राखाडी कागदावर खडूने अवघ्या पाव तासात टिपून घ्यायचा. मग कपडे स्टुडिओत मागवून मदतनीस त्यावरून रंगवणार, तो शेवटी हात फिरवणार. हातांसाठी तर पगारी मॉडेल ठेवलेले होते. त्यामुळे त्याच्या चित्रांत चेहरा कुणाचाही असो, बोटं बहुतेक तीच, लांब आणि निमुळती.

वेलाझ्केझने १६४४ मध्ये कॅटलोनियाच्या लढाईवर असताना फ्रागा गावी एका पडक्या खोलीत फिलिपला रंगवलं. राजाला आत येता यावं म्हणून जमिनीवर लव्हाळे अंथरायचे. तीन बैठका झाल्या. गुलाबी-लाल आणि चंदेरी पोशाखातलं ते चित्र आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. आणि बर्निनी? १६६५ मध्ये तो लुईचा पुतळा करायला पॅरिसला आला तेव्हा राजाने स्थिर बसावं असा त्याचा आग्रह नव्हताच. राजा मंत्रिमंडळात बसलेला असताना, टेनिस खेळत असताना तो कागदावर टिपत राहायचा. हलता-बोलता माणूसच स्वतःसारखा दिसतो, हे त्याचं मत. मी ते शंभर टक्के मानते. त्या बैठकांत त्याने राजाच्या कपाळावरचे केस बाजूला सारले, तर दरबारातले बाकीचेही तसाच भांग पाडायला लागले!

लहान राजकन्यांची इतकी चित्रं का? – सोलापूर

लग्नासाठी. स्थळाला मुलीचा फोटो पाठवतात तसंच. फिलिपची मुलगी मार्गारिता १६५१ ची. व्हिएन्नाचा सम्राट लिओपोल्ड तिचा मामा, आणि त्याच्याशीच तिचं लग्न ठरलेलं. म्हणून माद्रिदहून व्हिएन्नाला तिची चित्रं जात राहिली. ती आज तिथल्या संग्रहालयात एकत्र पाहायला मिळतात. गुलाबी झग्यात साधारण तीन वर्षांची, पांढऱ्यात पाच, निळ्यात आठ. झगा दर वेळी रुंद होत जातो आणि त्यात मूल अडकत जातं. पहिल्या चित्रात ती टेबलाला हात टेकून उभी आहे, बोटं अजून गुबगुबीत. निळ्या चित्रात ती दरबाराला हवी तशी ताठ उभी राहायला शिकलीय. १६५६ चं वेलाझ्केझचं ‘लास मेनिनास’ हे प्रसिद्ध चित्रही तिच्याचभोवती आहे, तिथे आईवडील फक्त मागच्या आरशात दिसतात. १६६६ मध्ये लग्न झालं. बाळंतपणांनी खंगून १६७३ मध्ये, एकविसाव्या वर्षी ती गेली. ही तीन चित्रं मी विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी लावून दाखवते आणि त्यावर फार बोलत नाही, माझ्याच्याने बोलवत नाही.

ही चित्रं त्या काळी हिंदुस्थानात कुणी पाहिली होती का? – पुणे

हो. सर थॉमस रो १६१५ मध्ये जहांगीरच्या दरबारी वकील म्हणून आला, तेव्हाच्या सुमारास इंग्रजी चित्रं मुघल चित्रशाळेत पोचली होती. बिचित्र या चित्रकाराचं एक चित्र वॉशिंग्टनला आहे. जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसलाय, मागे सूर्य-चंद्राचं भलं मोठं तेजोवलय, आणि तो एका सूफी शेखला ग्रंथ देतोय. शेखच्या खाली तुर्की सुलतान, त्याच्याखाली इंग्लंडचा पहिला जेम्स, म्हणजे आपल्या चार्ल्सचे वडील, आणि सगळ्यात खाली खुद्द बिचित्र. जेम्सचा चेहरा इंग्रजी पोर्ट्रेटवरून हुबेहूब उतरवलाय. लंडनमध्ये ज्या चेहऱ्याला सलाम होत होते तो मुघल चित्रात रांगेत तिसरा! उलटा प्रवासही झाला. रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली, त्यात शाहजहानही आहे. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं शिवाजी महाराजांचं एका बाजूने काढलेलं गोवळकोंडा शैलीतलं चित्र आपल्या ओळखीचं आहे, तेही त्याच शतकात डच संग्राहकांकडे गेलेल्या अल्बममधलं.

मी कोल्हापूरला कला महाविद्यालयात शिकतो. अभ्यासासाठी यातल्या एका चित्राची कॉपी करायची आहे. कोणतं घेऊ?

लुई घेऊ नकोस. त्या मखमलीत तू महिनाभर बुडशील आणि हाताला फक्त चिकाटी लागेल. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं वेलाझ्केझचं तपकिरी-चंदेरी पोशाखातलं फिलिपचं चित्र घे, १६३० च्या दशकातलं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याचा मोठा फोटो आहे, तो बाहीपाशी जितका वाढवता येईल तितका वाढव. भरतकाम म्हणून जे दुरून लखलखतं ते जवळून नुसते सुटे फटकारे आहेत. राखाडी, मळकट पांढरा, मध्येच एक जाड ठिपका, आणि खालचा तपकिरी रंग तसाच उघडा सोडलेला. एकाही टाक्याचं ड्रॉइंग नाही. तिथून मग मानेवर ये. चेहरा मऊ, कडा विरघळलेल्या, ब्रशचा मागमूस नाही. राजाच्या चेहऱ्याला एक हात आणि राजाच्या कपड्याला दुसरा, हे एकाच चित्रात कसं साधलं ते तुला कॉपी करतानाच कळेल, वाचून कळणार नाही.

पूर्ण चित्र करू नकोस. छातीपासून वरचा भाग आणि एक बाही पुरे. टोन आधी डोळे मिचकावून लाव, मोठ्या ब्रशने, भरतकाम सगळ्यात शेवटी आणि एकदाच. पुसून परत लावलेला फटकारा लगेच मेल्यासारखा दिसतो. ट्यूबमधला सिल्व्हर रंग अजिबात वापरायचा नाही. झालं की फोटो पाठव, बाहीचा जवळून काढलेला.